दस्तुरीच्या पुढे: नेरळ-माथेरानच्या बिनगाडीच्या रस्त्याचा इतिहास

पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप इथे देत आहोत. ऐकणाऱ्यांनी वाचलं तरी चालेल, आणि वाचणाऱ्यांनी नंतर ऐकलं तरी हरकत नाही. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत, ती सांभाळून घ्या.

आजचा विषय रस्ता आहे. पण गाड्यांचा नाही, बिनगाड्यांचा.

मुंबई-पुण्याकडच्या सायकलवाल्यांना विचारा, रविवारी पहाटे कुठे जाता? कर्जत-नेरळचं नाव बऱ्याच जणांच्या तोंडी येईल. कारण साधं आहे. हायवेवर ट्रक, शहरात सिग्नल आणि खड्डे. इथे मात्र कळंब, कशेळे, कडावकडचे आडरस्ते, दोन्ही बाजूंना भातशेती, मध्येच उल्हास नदी आणि डोक्यावर माथेरानचा डोंगर. सकाळी सातच्या आत निघालात तर एखादी एसटी, दुधाची मोटारसायकल, शाळेत चाललेली पोरं, एवढीच वर्दळ. दहानंतर फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या सुरू होतात आणि मजा संपते. आणि ज्यांच्या पोटऱ्यांमध्ये जास्त दम आहे ते नेरळहून माथेरानचा घाट चढतात. चढ असा की पुढचं चाक उचलेल की काय असं वाटावं. घाट संपतो दस्तुरी नाक्यावर. तिथे गाड्यांचा तळ आहे, आणि तिथून पुढे मोटार जात नाही.

दस्तुरीच्या पुढे जे गाव आहे तिथे रस्ते आहेत, बाजार आहे, शाळा आहे, नगरपरिषद आहे, हॉटेलं आहेत. मोटार नाही. आपण ज्याला 'ट्रॅफिक-फ्री' म्हणतो तो रस्ता इथे दीडशे वर्षांहून जास्त काळ आहे. आता गंमत बघा. इतके मोकळे रस्ते असूनही माथेरान सायकलींचं गाव काही झालं नाही. ते झालं घोड्यांचं, हमालांचं आणि हातरिक्षांचं. हे असं का झालं, आणि आज सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण का पोचलं, याचा आजचा भाग.

मॅलेट येतो

सुरुवात करू १८५० पासून. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. कर्जत तालुका कुलाब्याला जोडला गेला तो बऱ्याच नंतर, आणि कुलाब्याचं रायगड झालं १९८१ मध्ये. तर १८५० साली ठाण्याचा कलेक्टर होता ह्यू पॉइंट्झ मॅलेट. मे महिन्यात त्याचा मुक्काम होता चौकला, म्हणजे आजच्या खालापूर तालुक्यात. समोर डोंगर दिसतोय, उकाड्यानं जीव नकोसा झालाय. साहेब निघाला वर. आज ज्याला वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूनं तो चढला आणि रामबागच्या बाजूनं उतरला. वर गर्द झाडी, गार वारा. पुन्हा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला. मग घर बांधलं.

इंग्रजी पुस्तकांत या प्रसंगाला 'माथेरानचा शोध' म्हणतात. आपण जरा थांबून विचारू, की शोध कुणी आणि कुणासाठी लावला? डोंगरावर आणि उतारावर ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून होते. माथ्यावरचं रान म्हणजे माथेरान, हे नावच मराठी आहे, मॅलेटनं ठेवलेलं नाही. तो ज्या वाटेनं चढला ती वाट कुणीतरी आधी पायांनी मळलेली होती, आणि वाट दाखवायलाही इथलाच माणूस लागला. मॅलेटचं श्रेय एवढंच, की हा डोंगर सरकारी कागदावर आला आणि सावलीसाठी धडपडणाऱ्या मुंबईच्या साहेबांना त्याचा पत्ता लागला.

मॅलेटच्या घराचं नाव माहितीये? 'द बाइक'. हो, बाइक! आपल्या सायकलशी त्याचा काही संबंध नाही, कारण तेव्हा पायडलची सायकलच जन्मली नव्हती. ती यायला आणखी दहा-पंधरा वर्षं होती, आणि आज आपण चालवतो तशी, दोन सारख्या चाकांची आणि साखळीची सायकल बाजारात आली ती १८८५ च्या सुमारास. पण ज्या गावात पुढे कधीच बाइक चालली नाही, त्या गावातल्या पहिल्या साहेबी घराचं नाव बाइक असावं, हा योगायोग सायकलवाल्यांनी लक्षात ठेवावा असा आहे.

पुढे लॉर्ड एल्फिन्स्टन, म्हणजे १८५३ ते १८६० मधला मुंबईचा गव्हर्नर, इथे आला. गव्हर्नर आला म्हणजे मागोमाग सगळे आले. त्याच काळात रेल्वेही पुढे सरकत होती. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, मग कल्याण, आणि १८५६ च्या सुमारास कल्याणहून खोपोलीकडे जाणारा फाटा सुरू झाला. नेरळ त्या वाटेवरचं स्टेशन. आता मुंबईचा माणूस सकाळी गाडीत बसून नेरळला उतरू शकत होता.

प्रश्न होता नेरळनंतरचा.

सात मैल आणि चार खांदे

नेरळ स्टेशनापासून माथेरान साधारण सात मैल, आणि जवळजवळ साडेसातशे मीटरची चढण. हे अंतर लोक कसं पार करायचे? घोड्यावर, पालखीत, खुर्चीला बांबू बांधून केलेल्या डोलीत, किंवा पायी. सामान डोक्यावर. म्हणजे साहेबाच्या डोक्यावर नव्हे, हमालाच्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. रस्त्यावर गाडी नाही याचा अर्थ ओझं नाही असा होत नाही. पीठ, तांदूळ, रॉकेल, विटा, पेटारे, आजारी म्हातारी, सगळं वर जातंच. गाडी नसेल तर ते कुणाच्या तरी पाठीवर जातं. आपल्याला जो रस्ता शांत वाटतो, त्यावर काम करणाऱ्याला तो शांत वाटेलच असं नाही.

माथेरानला सुरुवातीला मोटारबंदी घालायची गरजच नव्हती, कारण मोटारच नव्हती. चढणीचा रस्ता घोड्यापुरता होता, वरच्या वाटा पायापुरत्या. बंगल्यांकडे जाणाऱ्या लाल मातीच्या गल्ल्या झाडांमधून वळणं घेत जायच्या, कारण झाड तोडण्यापेक्षा वळसा घेणं लोकांना पसंत होतं. माथ्यावर जांभा दगड आहे, त्याची ही लाल माती. उन्हाळ्यात तिचा धुरळा, पावसाळ्यात तिचाच चिखल. या मातीचा उल्लेख पुढे कोर्टातही येणार आहे, लक्षात असू द्या.

मोटारी पुढे मुंबईत आल्या, मग पुण्यात, महाबळेश्वरात, खंडाळ्यात आल्या. माथेरानात नाही आल्या. का नाही आल्या? एक कारण घाट. दुसरं कारण, त्याआधीच इथे दुसरी एक गाडी येऊन बसली होती.

पीरभॉयांची गाडी

सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले मोठे उद्योगपती, माथेरानचे नेहमीचे पाहुणे. गोष्ट अशी सांगतात, की एकदा नेरळला उतरल्यावर त्यांना वर जायला ना घोडा मिळाला, ना पालखी. चिडून ते म्हणाले, मीच गाडी आणतो. आता अशा गोष्टी प्रत्येक रेल्वेबद्दल सांगतात, त्यामुळे ही मिठाची चिमूट टाकून ऐकायची. पण गाडी आणली हे खरं. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतलं, खर्च झाला सुमारे १६ लाख रुपये, आणि मार्च १९०७ मध्ये नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. एका खाजगी कुटुंबाच्या पैशांतून ही रेल्वे उभी राहिली, हे आजही ऐकायला नवल वाटतं.

रूळ फक्त दोन फुटांचे, म्हणजे ६१० मिलिमीटर. सल्लागार इंजिनीअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शी लाइट रेल्वे ज्यानं उभी केली तोच हा. सोलापूर-लातूरकडच्या श्रोत्यांना 'बार्शी लाइट' सांगायला नको. जर्मनीच्या ऑरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची चार इंजिनं आली, तीव्र वळणांवर ज्यांची चाकं थोडी बाजूला सरकू शकतील अशी खास बनावटीची. चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. साधी रेल्वे असल्या चढाला हात जोडते. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान, अशी स्टेशनं. एकवीस किलोमीटरच्या आसपास अंतर आणि वेळ अडीच तासांहून जास्त. जरा सराव असलेला सायकलवाला सपाटीवर तेवढ्या वेळात दुप्पट अंतर काटेल. पण इथे घाई कुणाला होती?

या गाडीनं माथेरानची एक गरज भागवली. माणसं आणि सामान डोंगर चढू लागली, तेही गावातले रस्ते न रुंदावता. रूळ गावाच्या कडेनं आले आणि स्टेशनात थांबले. मोटाररस्त्याची निकड टळली. बिनगाडीचं गाव टिकलं त्याचं निम्मं श्रेय एका छोट्या गाडीला द्यायला हवं.

पण स्टेशनापासून बंगल्यापर्यंत कोण नेणार? इथे आली हातरिक्षा. रिक्षा मूळची जपानची, १८६९ च्या आसपासची. तिथून ती आशियाभर पसरली. सिमल्याला आली, कलकत्त्याला आली, माथेरानलाही आली. एक जण पुढे दांडे धरून ओढणार, एक किंवा दोघं मागून ढकलणार. चढाला ढकलायचं आणि उताराला उलट ओढून धरायचं. उतारावरचं काम जास्त अवघड, कारण गाडीला ब्रेक म्हणजे माणसाच्या टाचा.

रानवाटांचा माणूस

साहेबी माथेरानबद्दल खूप लिहिलं गेलंय, पण याच गावात जन्मलेल्या एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले हुतात्मा भाई कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरान. नाभिक समाजातलं गरीब घर. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि कर्जत-मुरबाड भागातल्या शेतकऱ्यांसाठी, आदिवासींसाठी काम करू लागले. सावकारी पाशातून सोडवायला धान्यकोठ्यांची कल्पना त्यांनी राबवली.

१९४२ ला 'चले जाव' सुरू झालं आणि कोतवालांनी आझाद दस्ता उभा केला. या दस्त्यानं मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. डोंगरदऱ्यांतून जाणारे मनोरे, आणि पाडणारी माणसं पायवाटांची जाणकार. पोलिसांच्या गाड्या सडकेनं यायच्या, दस्ता रानातून निघून जायचा. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

हे इथे का सांगितलं? माथेरानच्या वाटा म्हणजे फक्त पॉइंट बघत फिरायच्या वाटा नव्हेत. खालच्या वाड्यांतली माणसं दूध, गवत, लाकूडफाटा, रानभाज्या घेऊन याच वाटांनी वर आली आणि अंधार पडायच्या आत उतरली. रामबागची वाट, गारबटची वाट, धोदाणीकडून चढणारी वाट. आजही येतात. नकाशावर जो 'ट्रेक रूट' असतो, तो कुणाचा तरी कामाला जायचा रस्ता असतो.

बंदी कागदावर येते

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी झाल्या. नेरळहून दस्तुरीपर्यंत मोटारीचा घाटरस्ता झाला. आणि मुंबई वाढत वाढत नेरळच्या दारात आली. जोवर वर यायला फक्त ती टॉय ट्रेन होती, तोवर मोटारबंदी ही निसर्गाचीच बंदी होती. घाट झाल्यावर ती ठरवून पाळायची गोष्ट झाली. दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. 'एवढंसं राहिलंय, येऊ द्या की गाडी', हा आग्रह तेव्हापासूनचा.

४ फेब्रुवारी २००३ ला केंद्र सरकारनं माथेरान आणि आसपासचा दोनशे चौरस किलोमीटरहून मोठा प्रदेश इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. नगरपरिषदेच्या हद्दीत वाहनांना बंदी, अपवाद रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी. जो रिवाज होता, तो कायदा झाला.

पण लगेच निसर्गानं दुसरी बाजू दाखवली. २६ जुलै २००५ चा पाऊस आठवतो ना? त्या पावसानं टॉय ट्रेनचा मार्ग उद्ध्वस्त केला. दुरुस्त होऊन गाडी सुरू झाली ती २००७ मध्ये, ऐन शताब्दीला. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याचे प्रकार घडले, गाडी पुन्हा बंद. ती पूर्ण मार्गावर यायला २०१८ उजाडलं. २०१९ च्या पावसात रूळ पुन्हा वाहून गेले आणि नेरळपासूनची सेवा थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये परत आली. अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी मात्र त्या मधल्या काळातही बरीचशी चालली.

म्हणजे बघा, बिनगाडीच्या गावाचा आधार होती ती रेल्वे, आणि तीच वर्षानुवर्षं बंद पडत होती. तेव्हा ओझं कुठे गेलं? जिथून आलं होतं तिथेच. घोड्यांवर, हातगाड्यांवर आणि माणसांवर.

चौऱ्याण्णव रिक्षा

२०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३. त्याआधीच्या जनगणनेत पाच हजारांच्या वर होती. गाव कमी होतंय. इतक्याशा गावात परवानाधारक हातरिक्षा ९४, आणि घोडे चारशेहून जास्त. पर्यटक मात्र वर्षाला लाखोंनी. आता हा हिशेब डोक्यात ठेवून ई-रिक्षेचं भांडण बघू.

रिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेची मागणी सोपी होती. आम्हाला माणसानं माणूस ओढायचं काम नको. वय झालं, गुडघे गेले, छाती भरून येते. आम्हाला बॅटरीवरची रिक्षा द्या. धूर नाही, आवाज नाही. पण २००३ च्या अधिसूचनेत वाहन म्हणजे वाहन. अनेक वर्षं अर्ज-विनंत्या झाल्या आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मे २०२२ मध्ये कोर्टानं प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा तीन महिन्यांसाठी धावू लागल्या. दस्तुरीपासून शाळेपर्यंत रोज पायपीट करणारी मुलं आणि म्हातारी माणसं त्यांत बसली. गावात पहिल्यांदाच प्रवासाला परवडणारं भाडं आलं.

विरोधही झाला. त्याची कारणंही ऐकली पाहिजेत, कारण विरोध करणारे काही बंगलेवाले शेठ नव्हते. घोडेवाले होते. दस्तुरीपासूनचं गिऱ्हाईक ई-रिक्षेत बसलं, तर चारशे घोड्यांच्या चाऱ्याचं काय? घोडा सीझनला कमावतो, पण खातो बारा महिने. दुसरं कारण पेव्हर ब्लॉक. ई-रिक्षा चालायची तर लाल मातीचा रस्ता पक्का करायला हवा. पेव्हरवर घोड्याचे नाल घसरतात. पर्यावरणवाल्यांना वेगळी काळजी होती. आज ब्लॉक, उद्या काँक्रीट, परवा मोटार. एकदा रस्ता गुळगुळीत झाला की त्यावर कोण येईल, यावर तुमचा ताबा राहत नाही. ही भीती निराधार नाही. आपल्याकडच्या थंड हवेच्या ठिकाणांचे पार्किंगचे फोटो बघा.

पण ब्लॉक हवेत म्हणणाऱ्यांचंही ऐका. लाल माती पावसात वाहून जाते, रस्त्याची घळ होते, झाडांची मुळं उघडी पडतात. म्हणजे मातीचा रस्ता तसाच सोडला तरी जंगल वाचतंच असं नाही.

निकाल आला ६ ऑगस्ट २०२५ ला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं सांगितलं, की हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा. स्वतंत्र भारतात, संविधान लागू होऊन पंचाहत्तर वर्षं झाल्यावर, माणसानं माणसाला ओढण्याची प्रथा चालू ठेवता येणार नाही. गुजरातेतल्या केवडियाला ई-रिक्षा भाड्यानं देण्याची जी योजना आहे तिच्या धर्तीवर इथे योजना करा, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. पेव्हर ब्लॉक दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच टाका, खाली काँक्रीटचा थर नको, आणि आतले रस्ते व रानवाटा तशाच राहू द्या.

मला यातला सर्वांत महत्त्वाचा धागा वाटतो तो जुन्या निकालाचा. कोर्टानं १९८० च्या आझाद रिक्षा पुलर्स युनियन विरुद्ध पंजाब राज्य या खटल्याची आठवण काढली. तो खटला सायकलरिक्षांचा होता. पंजाबच्या १९७५ च्या कायद्यानं ठरवलं होतं, की जो चालवतो त्यालाच परवाना. हेतू चांगला, पण चालवणाऱ्याकडे रिक्षा विकत घ्यायला पैसे कुठे? तो भाड्याची रिक्षा चालवायचा. कायदा लागू झाला असता तर त्याचीच रोजी गेली असती. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी नुसता कायदा वैध की अवैध एवढंच न बघता बँकेच्या कर्जाची व्यवस्था लावून दिली, म्हणजे चालवणारा मालक होईल.

माथेरानच्या प्रश्नाचं मर्म हेच आहे. प्रथा बंद करणं एका ओळीत होतं. पण ई-रिक्षेची किल्ली कुणाच्या हातात जाणार? ज्यानं वीस-पंचवीस वर्षं दांडे ओढले त्याच्या, की ज्याच्याकडे भांडवल आहे त्याच्या? कोर्टानं म्हटलंय, आधी खऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांना, मग गरजेनुसार आदिवासी महिलांना आणि इतर स्थानिकांना. कागदावर हे स्वच्छ आहे. अंमलबजावणीवर लक्ष ठेवायचं काम आता सगळ्यांचं.

बाहेरचे दोन दाखले

थोडं बाहेर डोकावू. अमेरिकेत ह्युरॉन सरोवरात मॅकिनॅक नावाचं बेट आहे. तिथल्या गावानं १८९८ मध्येच मोटारींना बंदी केली, कारण घोडे बुजतात. बंदी आजही आहे. बेटाला वळसा घालणारा, पाण्याच्या कडेनं जाणारा साधारण तेरा किलोमीटरचा रस्ता आहे. तो अधिकृत राज्यमार्ग आहे आणि त्यावर मोटार चालत नाही! लोक चालतात, घोडागाड्या जातात आणि सायकली हजारोंनी फिरतात. सायकलवाल्यांसाठी स्वर्गच. पण लक्षात घ्या, ते बेट बरंचसं सपाट किनाऱ्याचं आहे, आणि सामान घोडे ओढतात. हमाल नाही ओढत.

दुसरं उदाहरण इस्तंबूलजवळच्या प्रिन्सेस बेटांचं. तिथेही मोटारबंदी, तिथेही घोड्यांच्या बग्ग्या पर्यटकांचं आकर्षण. घोड्यांमध्ये रोग पसरला, त्यांच्या हालाबद्दल आरडाओरड झाली, आणि २०२० मध्ये इस्तंबूल महापालिकेनं बग्ग्या बंद करून विजेवरच्या गाड्या आणल्या. महत्त्वाचं म्हणजे महापालिकेनं बग्गीवाल्यांकडून घोडे आणि परवाने विकत घेतले. म्हणजे बदलाची किंमत फक्त घोडेवाल्यानं चुकती करायची, असं ठरवलं नाही.

माथेरान या दोन्हींपेक्षा अवघड आहे. इथे चढ आहे, चार महिन्यांचा धुवाधार पाऊस आहे, आणि एका अरुंद रस्त्यावर घोडेवाला, रिक्षावाला, हमाल, दुकानदार सगळ्यांचंच पोट आहे. मार्च २०२५ मध्ये गावानं बेमुदत बंद पुकारला होता. तक्रार ही, की दस्तुरीवर पर्यटकांना चुकीची माहिती देऊन लुबाडलं जातं आणि गावाचं नाव खराब होतं. ज्या जागी मोटार थांबते, त्या जागेचं मोल किती असतं बघा.

मग आपण काय करायचं?

आपल्या श्रोत्यांत सायकलवाले बरेच आहेत म्हणून शेवटी त्यांच्याशी दोन शब्द.

नेरळ-कर्जतचे आडरस्ते आज मोकळे आहेत कारण तिथे अजून मोठा रस्ता पोचलेला नाही. ही बंदी नाही, ही फक्त सवड आहे. माथेराननं दीडशे वर्षांत शिकवलंय की मोकळा रस्ता आपोआप टिकत नाही. सुरुवातीला डोंगरानं टिकवला, मग रेल्वेनं, मग कायद्यानं, आणि या सगळ्या काळात हमालाच्या पाठीनं. ज्या दिवशी एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याची पाठ मोडते, त्या दिवशी तो रस्ता टिकवण्याच्या बाजूनं गाव उभं राहत नाही. ई-रिक्षेची मागणी बाहेरून नाही आली. ती ओढणाऱ्यांनीच केली. गाव वाहनमुक्त ठेवायचं असेल, तर ते गावकऱ्याला परवडलं पाहिजे.

पहाटे नेरळला उतरलात, तर घाट जपून चढा. पावसाळ्यात दरडींकडे लक्ष ठेवा, आणि उतरताना दोन्ही ब्रेक नीट तपासा, कारण वळणावर समोरून टॅक्सी येते. दस्तुरीवर पोचल्यावर सायकल तिथेच सोडून पुढचे तीन किलोमीटर पायी जा. शक्य असेल तर रुळांच्या कडेनं जा, चढ कमी आहे. बाजारात पोहे खा, लाल मातीत बूट माखू द्या. भाई कोतवालांचं गाव आहे, तेवढं स्मरण ठेवा. आणि वाटेत सिलिंडर किंवा भाजीची पोती घेऊन घोडा येताना दिसला, तर कडेला होऊन त्याला वाट द्या. त्या रस्त्यावर तुम्ही फिरायला आलेले असता, तो कामावर असतो.

सुप्रीम कोर्टानं दिलेली सहा महिन्यांची मुदत म्हणजे फेब्रुवारी २०२६. चौऱ्याण्णव परवान्यांच्या बदल्यात किती किल्ल्या खऱ्या ओढणाऱ्यांच्या हातात पडल्या, हा आकडा माथेरानला गेलात की विचारा. दस्तुरीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे विचारा, कारण उत्तरं वेगळी मिळू शकतात.

आजच्या भागात इतकंच. तुमच्या तालुक्यात असा एखादा रस्ता असेल, जिथे कधीकाळी गाडी जायची नाही किंवा आजही जात नाही, तर त्याची गोष्ट आम्हाला जरूर कळवा. त्या रस्त्यावरून ओझं कोण वाहायचं, हेही आठवणीनं लिहा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.